तीस मिलिअँपिअरचा पहारेकरी



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एकच सूचना केली. "शाळेच्या आठवणी पुष्कळ आल्या आहेत, तू तुझ्या कामातले काहीतरी लिही." माझे काम म्हणजे कारखान्यांतील विजेची देखभाल. पस्तीस वर्षे मी मोटारी, पॅनेल आणि केबल यांच्याच संगतीत घालवली. त्या सगळ्या पसाऱ्यातून एका लहानशा उपकरणाचा इतिहास तुमच्यासाठी निवडला आहे. हे उपकरण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे आणि ज्यांच्या घरात नाही त्यांच्याकडे ते असायला हवे.

मीटरच्या पुढे भिंतीत बसवलेली स्विचची पेटी उघडून पाहा. एमसीबींच्या रांगेत एक स्विच इतरांपेक्षा दुप्पट रुंद दिसेल. त्यावर 'टी' हे इंग्रजी अक्षर असलेले एक छोटे बटण असते. वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतो, दुकानदार आरसीसीबी म्हणतो, आणि घरातली माणसे त्याला "तो सारखा पडणारा स्विच" म्हणतात. त्यावर '३० एमए' असे छापलेले असते. हा तीसचा आकडा कुठून आला, तो कोणी आणि कशाच्या बदल्यात मिळवला, त्याची ही गोष्ट आहे.

पिंजऱ्यातला पहारेकरी

माणसाला निसर्गाने डोळे, नाक, कान दिले, पण काही संकटे या पाचही इंद्रियांच्या पलीकडची असतात. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. विजेचेही तसेच. जिवंत तार आणि मेलेली तार दिसायला सारखीच. अशा संकटापासून वाचायचे तर आपल्यापेक्षा हळवा, आपल्याआधी कळणारा कोणीतरी सोबत हवा.

खाणींमध्ये हे काम प्रथम पक्ष्याने केले. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात कोळसा खाणींतल्या स्फोटांनंतरच्या मृत्यूंचा अभ्यास केला. बरेच खाणकामगार स्फोटाने वा भाजून मेलेले नव्हते, तर कार्बन मोनॉक्साइडने गुदमरले होते, असे त्याला दिसले. लहान प्राण्यांचा श्वासोच्छ्वास जलद असतो, त्यामुळे विषारी वायूचा परिणाम त्यांच्यावर माणसाच्या आधी होतो. म्हणून त्याने खाणीत लहान प्राणी सोबत नेण्याचा सल्ला दिला. त्यातून कॅनरी पक्ष्याचा पिंजरा खाणकामगाराच्या हाती आला. पक्षी दांडीवरून खाली पडला की माणसांनी मागे फिरायचे. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत टिकली. त्या वर्षी पक्ष्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचा निर्णय झाला. म्हणजे आपण दहावी होऊन कॉलेजात गेलो तरी तिकडच्या खाणींत कॅनरी नोकरीवर होते!

पक्ष्याची जागा घेणारे यंत्र बनवणे हे विसाव्या शतकातल्या अनेक संशोधकांचे काम होते. त्यातला एक धागा स्वित्झर्लंडमध्ये सापडतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस वॉल्टर येगर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवत होता. कल्पना अशी की एका कप्प्यातली हवा आयनित करायची, त्यातून बारीकसा प्रवाह वाहू द्यायचा, आणि विषारी वायू आत शिरला की तो प्रवाह बदलेल. वायूने काही केल्या मीटरचा काटा हलेना. सांगतात की कंटाळून त्याने सिगारेट पेटवली आणि थोड्याच वेळात काटा खाली आला. यंत्राला वायू कळला नव्हता, धूर कळला होता. त्याच देशातल्या अर्न्स्ट मायली याने थंड कॅथोडची नळी वापरून तो अतिक्षीण संकेत घंटा वाजवण्याइतका मोठा केला. धूर ओळखणारे आजचे यंत्र त्याच वाटेने आले. घराघरात छताला लावता येईल असे बॅटरीवरचे स्वस्त यंत्र मात्र १९६०-७० च्या दशकात अमेरिकेत ड्वेन पिअर्सल याच्या प्रयत्नांतून तयार झाले.

ही थंड कॅथोडची नळी लक्षात ठेवा. ती पुढे एका सोन्याच्या खाणीत पुन्हा भेटणार आहे.

फ्यूज कोणाचा रक्षक?

आता विजेकडे येऊ. विजेच्या पुरवठ्याने माणूस दगावल्याची पहिली नोंद साधारणपणे १८७९ सालची मानतात. फ्रान्समधल्या लिआँ शहरात नाटकाच्या रंगमंचावर काम करणारा एक सुतार २५० व्होल्टच्या तारेला लागून गेला. त्यानंतर विजेचे जाळे जगभर पसरले. आपल्याकडे खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली आणि गिरण्या त्यावर चालू लागल्या. वीज आली तशी फ्यूजही आली. पांढऱ्या चिनी मातीची ती फ्यूजची पकड, जिला वायरमन 'किटकॅट' म्हणतात, आपल्या प्रत्येकाच्या लहानपणच्या घरात होती. लाइट गेली की वडील स्टुलावर चढून फ्यूज बांधत आणि आपण खालून बॅटरी धरत असू.

फ्यूज आपले रक्षण करते असे आपल्याला वाटायचे. प्रत्यक्षात फ्यूज तारेचे रक्षण करते. तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला तर तार तापून आग लागेल, तसे होण्याआधी फ्यूज वितळते. माणसाचा हिशेब तिच्या खिजगणतीत नसतो. साधे गणित करू. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध सुमारे १००० ओहम धरा. आपला दाब २३० व्होल्ट. ओहमच्या नियमाने त्याच्या अंगातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. हा प्रवाह त्याच्या हृदयाची लय बिघडवायला पुरेसा आहे. पण ५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने तो लहानसा दिवा लावल्यासारखा आहे. ती जागची हलणारही नाही. आणि फ्यूज सारखी उडते म्हणून तिच्यात दुहेरी-तिहेरी तार गुंडाळण्याची आपली पद्धत तर तुम्हाला ठाऊकच आहे.

अर्थिंग हा दुसरा उपाय. उपकरणाचे धातूचे अंग जमिनीला जोडले की आत बिघाड झाल्यावर प्रवाह माणसाऐवजी त्या तारेने जातो आणि फ्यूज उडते. उपाय उत्तम, पण अर्थिंगची तार शाबूत असेल, खड्ड्यातली ओल टिकलेली असेल, तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन कोणी मोडून टाकली नसेल, तरच. शिवाय माणसाने थेट उघड्या तारेला हात लावला तर अर्थिंग काहीच करू शकत नाही.

थोडक्यात, वीज घरात येऊन कित्येक दशके झाली तरी माणसासाठी स्वतंत्र पहारेकरी नव्हता. तो बनवायचा तर आधी एका प्रश्नाचे उत्तर हवे होते : किती विजेने माणूस मरतो?

हात सोडवता येण्याची मर्यादा

हा प्रश्न विचारायला सोपा, पण त्याचे उत्तर काढायचे कसे? अमेरिकेतल्या वीज कंपन्यांचे लाइनमन खांबांवर मरत होते. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून कंपन्यांच्या पैशावर संशोधन सुरू झाले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विल्यम कौवेनहोवेन हे मूळचे विद्युत अभियंते. शॉकने हृदयाची लय बिघडते कशी आणि ती पुन्हा जाग्यावर आणायची कशी, याचा अभ्यास त्यांनी अनेक वर्षे प्राण्यांवर केला. छाती न उघडता बाहेरून झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारे यंत्र त्यातूनच तयार झाले. त्या प्रयोगांत गाय निकरबॉकर या त्यांच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की यंत्राच्या जड पट्ट्या कुत्र्याच्या छातीवर दाबल्या की विजेआधीच रक्तदाब वाढतो. १९६० मध्ये डॉक्टर जेम्स ज्यूड यांच्यासह या दोघांनी छाती दाबून हृदय चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज शिबिरांतून शिकवतात ते सीपीआर ते हेच. आपल्या वर्गातून जे डॉक्टर झाले त्यांना हे सांगायला मला विशेष आनंद होतो की त्यांच्या या विद्येचा एक पाय आम्हा वायरवाल्यांच्या घरात आहे.

दुसरे नाव चार्ल्स डॅल्झिएल यांचे. ते कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कली येथे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. आपण म्हणतो ना, "करंटने धरून ठेवला," ते शब्दशः खरे असते. हातातून प्रवाह गेला की बोटे मिटवणारे स्नायू आवळतात आणि माणसाची इच्छा असली तरी मूठ उघडत नाही. डॅल्झिएल यांनी ठरवले की ही मर्यादा मोजायची. स्वेच्छेने पुढे आलेल्या १३४ पुरुषांना आणि २८ स्त्रियांना त्यांनी हातात तार धरायला दिली आणि प्रवाह हळूहळू वाढवत नेला. कोणत्या आकड्यापर्यंत माणूस स्वतःहून हात सोडवू शकतो ते नोंदवले. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची सुमारे साडेदहा. पण सुरक्षितता सरासरीवर ठरवून चालत नाही. सर्वात हळव्या माणसाचा विचार करावा लागतो. म्हणून त्यांनी जवळजवळ प्रत्येकाला हात सोडवता येईल अशी मर्यादा काढली : पुरुषांसाठी ९ आणि स्त्रियांसाठी ६ मिलिअँपिअर.

हृदय बंद पाडणारा प्रवाह माणसांवर मोजणे अर्थातच शक्य नव्हते. तिथे प्राण्यांवरच्या प्रयोगांचे आकडे घेऊन त्यांनी सूत्र मांडले. त्याचा मथितार्थ असा की प्रवाहाइतकाच वेळही महत्त्वाचा. ५० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत एक सेकंद टिकणारा सुमारे ११६ मिलिअँपिअरचा प्रवाह ही धोक्याची रेषा, आणि वेळ जितका कमी तितका शरीराला जास्त प्रवाह सोसतो. उपकेंद्राच्या अर्थिंगचे गणित करणाऱ्या अभियंत्यांना हे सूत्र पाठ असते. आमच्यापैकी किती जणांना त्यामागची ती मिटलेली मूठ ठाऊक असते, हा वेगळा प्रश्न.

आता पहारेकऱ्याचे वर्णन पक्के झाले. त्याला काही मिलिअँपिअर कळले पाहिजेत आणि हृदयाचा एक ठोका पुरा व्हायच्या आत त्याने वीज तोडली पाहिजे.

सहलीची मोजणी

पण ते ओळखायचे कसे? घरात गिझर चालू असताना ८-९ अँपिअर वाहत असतात. त्या लोंढ्यात माणसाच्या अंगातून जाणारे काही मिलिअँपिअर वेगळे कसे काढणार?

याचे उत्तर आपल्या शाळेच्या सहलीत आहे. बस थांबली की बाई दारात उभ्या राहून उतरणारी मुले मोजायच्या आणि चढताना पुन्हा मोजायच्या. बसमध्ये ५० मुले आहेत की १५० याच्याशी काही देणेघेणे नव्हते. उतरली तितकी चढली पाहिजेत, एवढेच. एक जरी कमी भरला तरी बस हलायची नाही.

विजेचेही तसेच. फेजच्या तारेने जितका प्रवाह घरात जातो, तितकाच न्यूट्रलच्या तारेने परत यायला हवा. कमी आला तर उरलेला भलत्याच वाटेने गेला. ती वाट म्हणजे ओली भिंत असेल किंवा माणूस असेल. ही जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहांची तुलना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच माहीत झाली होती. १९०३ मध्ये जर्मनीत या तत्त्वावर एक पेटंट मिळाले आणि १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स मर्झ व बर्नार्ड प्राइस यांनी केबल आणि यंत्रांच्या रक्षणासाठी ते वापरात आणले. पण तेव्हाच्या यंत्रणांना मोठे बिघाडच कळत.

मोजणीची युक्ती आपण प्रयोगशाळेत पाहिली आहे. विज्ञानाच्या सरांनी गुंडाळीत चुंबक आत-बाहेर केला की गॅल्व्हानोमीटरचा काटा हलायचा, आठवते? बदलत्या चुंबकीय क्षेत्राने गुंडाळीत वीज उत्पन्न होते, तेच तत्त्व. लोहाच्या एका कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा नेतात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असला की त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना खाऊन टाकतात आणि कडे शांत राहते. थोडाही फरक पडला की कड्यात क्षेत्र जागे होते, कड्यावरच्या तिसऱ्या गुंडाळीत बारीकसा प्रवाह येतो आणि तो स्विचचा खटका सोडतो.

सोन्याच्या खाणीतून घरात

अडचण होती त्या 'बारीकशा' शब्दात. इतक्या क्षीण संकेताने जड स्विच पाडायचा कसा? दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन या अभियंत्याने १९५५ मध्ये सोन्याच्या खाणींसाठी यावर काम केले. तोवर अशा यंत्रणा सुमारे १० अँपिअरची गळती झाली की जाग्या होत. रुबिनने थंड कॅथोडची नळी वापरून ५२५ व्होल्टच्या यंत्रणेत ती मर्यादा २५० मिलिअँपिअरवर आणली. धुराच्या यंत्राला जिने आवाज दिला त्याच प्रकारची नळी इथे कामी आली. पण माणूस वाचवायला २५० मिलिअँपिअरही फार होते. पुढच्याच वर्षी, १९५६ च्या सुरुवातीला, त्याने चुंबकीय प्रवर्धक वापरून नवा नमुना केला. तो १२.५ ते १७.५ मिलिअँपिअरला पडत असे आणि डॅल्झिएल यांनी आखलेल्या सुरक्षित मर्यादेत बसत असे. ट्रान्झिस्टरचाही विचार त्याने केला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर भरवशाचे नाहीत म्हणून सोडून दिला. जीव ज्याच्या हवाली करायचा ते उपकरण नवे आहे म्हणून चालत नाही, भरवशाचे असावे लागते. हा विचार मला त्याच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

स्टिलफॉन्टेन ही सोन्याच्या खाणीची वसाहत. तिथे एका घरात विजेच्या अपघाताने एक स्त्री गेली. त्यानंतर १९५७-५८ मध्ये त्या वसाहतीतल्या काहीशे घरांत २० मिलिअँपिअरची ही उपकरणे बसवण्यात आली. खाणीतल्या यंत्रांसाठी सुरू झालेला शोध असा स्वयंपाकघरात आला. त्या स्त्रीचे नाव या इतिहासात लिहिलेले नाही. तिच्यामुळे पहारेकरी घरात आला, एवढेच लिहिले आहे.

त्याच सुमारास ऑस्ट्रियात गॉटफ्रिड बीगेलमायर हा भौतिकशास्त्रज्ञ अशाच स्विचवर काम करत होता. शॉकच्या परिणामांचे प्रयोग तो स्वतःच्या अंगावर करून पाही. आणि १९६१ मध्ये डॅल्झिएल यांनी एका कंपनीबरोबर ट्रान्झिस्टर वापरलेले उपकरण तयार केले. त्यांचे उपकरण ५ मिलिअँपिअरला, सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात वीज तोडत असे. मूठ सोडवण्याच्या मर्यादेचा त्यांचा ६ चा आकडा आठवा. ५ हा आकडा त्याच्याच एक पायरी खाली आहे. अमेरिकेच्या वीज संहितेने १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावातल्या दिव्यांसाठी आणि पुढे १९७५ मध्ये न्हाणीघरांतल्या प्लगसाठी असे संरक्षण आणले, १९८७ मध्ये स्वयंपाकघरही आले. एकेक खोली जिंकायला वीस वर्षे लागली.

मग आपल्या पेटीवर ५ ऐवजी ३० का? युरोपने, आणि त्यांच्या मागोमाग आपण, पूर्ण घराला मिळून एकच उपकरण लावायची पद्धत घेतली. घरातल्या प्रत्येक उपकरणातून थोडी गळती होतच असते. पावसाळ्यात भिंती ओलावल्या की ती वाढते. ५ मिलिअँपिअरचा पहारेकरी पूर्ण घरासाठी ठेवला तर तो दिवसातून चार वेळा ओरडेल आणि लोक त्याला काढून टाकतील. म्हणून मधला मार्ग निघाला. ३० मिलिअँपिअरवर मूठ कदाचित सुटणार नाही, पण वीज वेळेत तुटेल आणि हृदय वाचेल. आजच्या मानकाप्रमाणे हे उपकरण १५ मिलिअँपिअरपर्यंत पडता कामा नये, ३० ला ०.३ सेकंदाच्या आत पडलेच पाहिजे, आणि १५० मिलिअँपिअरला ०.०४ सेकंदात. माणसाला शॉक जाणवतो, तो दचकतो, पण जगतो.

आपल्याकडे काय झाले

आपल्याकडे हे उपकरण 'ईएलसीबी' नावाने आले. ते नाव खरे तर त्याच्या जुन्या भावाचे. तो भाऊ प्रवाहाचा फरक न मोजता उपकरणाच्या अंगावर चढलेला दाब मोजत असे आणि अर्थिंगची तार त्याच्यातून न्यावी लागे. यंत्र बदलले, तोंडी नाव तेच राहिले. आज आयएस १२६४० हे त्याचे भारतीय मानक आहे आणि केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी ठराविक भारापुढच्या जोडणीला अशी रक्षक यंत्रणा सक्तीची केली होती. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्याने जाणाऱ्यांची संख्या अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दहा हजारांहून अधिक दिसते. लोखंडी तारेवर कपडे वाळत घालणारी बाई, बादलीत हीटरची कांडी सोडणारा मुलगा, ओल्या पायाने मोटर चालू करणारा शेतकरी. ही माणसे आपल्यातलीच आहेत.

हे मी आकड्यांत लिहितो आहे, पण आपल्या बॅचला आकड्यांची गरज नाही. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून दुसरा उभा आहे, त्याचे नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. शेताला रात्रीची लाइट होती. तो अनवाणी विहिरीवर गेला आणि स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावला. पेटीला अर्थिंग नव्हते, गळती ओळखणारे काही नव्हते. फ्यूज मात्र शाबूत होती. नंतर मोटर तपासणाऱ्याने सांगितले, "फ्यूज तर चांगली आहे." त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळत होता आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

यंत्राच्या इतिहासाचा शेवटचा भाग नेहमी वापरणाऱ्याच्या हातात असतो. आमच्या धंद्यात एक शब्द आहे, 'डायरेक्ट करणे'. ईएलसीबी सारखा पडतो, घरातले वैतागतात, वायरमनला बोलावतात, तो दोन तारा जोडून त्याला वगळतो आणि सगळे खूश होतात. पडण्याचे कारण मात्र तसेच राहते. बहुधा गिझरच्या कॉइलमध्ये पाणी शिरलेले असते, जुन्या वायरिंगचे आवरण कुजलेले असते, किंवा दोन सर्किटची न्यूट्रल एकत्र बांधलेली असते. म्हणजे पहारेकरी खरे बोलत असतो आणि आपण त्याचे तोंड बांधतो. खाणीत कॅनरी खाली पडल्यावर कोणी म्हटले असते, "हा पक्षी फार पडतो, पिंजरा घरी ठेवून येऊ," तर त्याला आपण काय म्हटले असते?

या उपकरणाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर जितका प्रवाह जातो तितकाच परत येतो. मोजणी जुळते आणि पहारेकरी गप्प राहतो. तो अर्थिंगची जागा घेत नाही. निव्वळ आरसीसीबी असेल तर जास्त भाराने तापणाऱ्या तारेची काळजीही घेत नाही, त्यासाठी एमसीबी लागतोच. आणि तो यंत्र आहे, त्याचा खटका वर्षानुवर्षे न हलल्याने अडकू शकतो. म्हणूनच ते 'टी'चे बटण दिले आहे. ते दाबले की आतल्या रोधातून मुद्दाम थोडी गळती केली जाते. स्विच खाडकन पडला तर पहारेकरी जागा आहे. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलवा.

एक विनंती

स्नेहमेळाव्यासाठी जमलेल्या वर्गणीतून शाळेला काय द्यावे यावर गटात बरीच चर्चा चालू आहे. कोणी संगणक सुचवला, कोणी प्रवेशद्वाराची कमान. माझी सूचना छोटी आहे. आधी शाळेच्या वीजजोडणीची तपासणी करू. पाण्याचा कूलर, प्रयोगशाळेची टेबले, टाकीवरची मोटर, पोषण आहाराची खिचडी शिजते ती खोली आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचे दिवे, या पाच ठिकाणी ३० मिलिअँपिअरची उपकरणे आणि पक्के अर्थिंग करून देऊ. खर्च कमानीपेक्षा पुष्कळ कमी येईल. काम मी स्वतः उभा राहून करून घेईन, त्याची मजुरी घेणार नाही. दर महिन्याला बटण दाबून नोंद ठेवण्याचे काम नववीच्या विज्ञान मंडळाला द्यावे, म्हणजे शिकण्याचीही सोय होईल. या देणगीवर नाव घालायचेच असेल तर आपल्या त्या मित्राचे घालावे.

कमानीवरचे नाव येणारा-जाणारा वाचतो. या डबीवरचे नाव कदाचित कोणी वाचणार नाही. तिचे काम नीट झाले तर एखादे मूल कूलरला हात लावून दचकेल, मित्रांना सांगेल, हसेल आणि तासाला जाऊन बसेल. आपल्याला त्याचे नावही कळणार नाही. मला वाटते, शाळेला द्यायची भेट अशीच असावी.

मेळाव्याला येण्याआधी आपापल्या घरातले ते बटण एकदा दाबून या. भेटल्यावर मी प्रत्येकाला विचारणार आहे.

— एक माजी विद्यार्थी,
दहावी १९८१, तुकडी ब